कोइन्चिदेंत्सा

ओलेस्या युक्रेनहून आली तेव्हा
तिच्या गाठीला इटालियनचे चारच शब्द,
त्यातले दोन खाण्याचे.
फाब्रियानोत काम मिळालं, एक म्हातारा सांभाळायचा:
एवारिस्तो, रोम-आंकोना मार्गावर
एकेचाळीस वर्षं तिकीट तपासनीस.
लेकीचं नाव आता आठवत नाही,
गाडीतलं सगळं तोंडपाठ.
त्यामुळे ती शिकली ती हीच भाषा.

खोलीत शिरताना ‘पेर्मेस्सो’.
वाट द्या जरा.
पलंगाच्या कडेला टेकताना ‘ए लीबेरो?’
ही जागा रिकामी आहे?
तो दर वेळी भिंतीकडे सरकून घेतो,
पायाशी कुणाची बॅग असल्यासारखे पाय आखडून.
सूपला उशीर झाला की ‘इन रितार्दो’.
किती?
वीस मिनिटं.
वीस म्हणजे काहीच नाही, तो म्हणतो,
बर्फाच्या दिवसांत विचारा.

बाजारात तिने खाटकाला विचारलं,
कलेजी कोणत्या बिनारिओवरून?
तीन नंबर, तो म्हणाला, डुकराच्या मागे.
तेव्हापासून तो तिला वजनाला थोडं जास्तच देतो.

‘ओब्लितेरारे’:
चढण्याआधी तिकिटावर शिक्का मारून घेणं.
शब्दकोशात खाली आणखी एक अर्थ होता,
पुसून टाकणं.
हा तिने त्याला विचारला नाही.

रविवारी लेक आली, तोरिनोहून, दोनदा गाडी बदलून.
तो उठला. शर्टाचं वरचं बटण लावलं.
बिल्येत्ती, प्रेगो.
तिने पर्स उपसली,
हाताला लागली ती औषधाची पावती पुढे केली.
त्याने ती उजेडात धरली, मागून पुढून पाहिली,
आणि बोटांत नसलेला चिमटा दाबला.
टक्, असं तोंडानेच.
सिन्योरा, पुढच्या स्टेशनावर कोइन्चिदेंत्सा आहे.
पळू नका. ती थांबते.

कोइन्चिदेंत्सा म्हणजे जोडगाडी.
योगायोगालाही तिथे हाच शब्द.
लेक स्वयंपाकघरात गेली
आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

रात्री दिवा मालवताना तो ओलेस्याला विचारतो,
आन्दाता? की आन्दाता ए रितोर्नो?
नुसतं जाणं, की जाऊन येणं?
शब्द तिला दोन्ही येतात.
ती पांघरूण ओढून सारखं करते.

खालून मालगाडी जाते, कपाटातले पेले किणकिणतात.
तो डोळे मिटून डबे मोजू लागतो,
सतराशी अडखळतो.
दिचोत्तो, ती अंधारातून सांगते.
अठरा.