सुटे

केंद्रप्रमुखांचा कागद आलाय :
शैक्षणिक साहित्यावरील खर्च, तपशीलवार.
लिहिते.
रबरबँड, एक पाकीट, बोहरी आळी, रुपये वीस.
पुढचे रकाने कशानं भरू?

आइस्क्रीमच्या काड्या सारसबागेबाहेरच्या,
रविवारची गर्दी ओसरल्यावर सोमवारी वेचलेल्या,
शाळेच्या नळाखाली घासलेल्या, व्हरांड्यात वाळवलेल्या.
एकीवरचा केशरी डाग काही केल्या जाईना.
ती आजारी काडी.
तिलाही मोजायचं, असा तिसरी 'ब'चा ठराव आहे.

झुलेखाच्या अब्बांच्या भुर्जीच्या गाडीवरून अंड्यांचा ट्रे.
कापून दहा खळ्यांचा केला, खळ्यांत चिंचोके.
सात भरले की तीन रिकाम्या
दिसतातच, सांगावं लागत नाही.
(चिंचोके शनिवारी कमी भरतात.
कोण भाजून खातं ते मला माहीत आहे.)

व्हरांड्यावर खडूनं आखलेली संख्यारेषा,
एकेका फरशीला एकेक आकडा.
त्यावर सातासातांच्या उड्या :
सात, चौदा, एकवीस...
नवव्या उडीला त्रेसष्ट, तिथं मुख्याध्यापकांचं दार.
रोज कुणीतरी सत्तर करायला आत जातं.

आता हे सगळं रुपयांत कसं लिहायचं?

आणि मंगळवारचं कुठे लिहायचं?
फळ्यावर बेचाळीस वजा सतरा.
बाकांवर चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या.
"दोनातून सात जात नाहीत,
म्हणून शेजारच्या घरातून एक गठ्ठा उसना घ्यायचा,"
म्हटलं मी, अठरा वर्षं म्हणत आलेय तसंच.

लहू अवघडे उभा राहिला.
हजेरीला त्याचं नाव आलं की
मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "सोपे."
तो कधी हसत नाही.
"बाई, परत कधी द्यायचा?"
"काय?"
"उसना घेतलेला. आई पलीकडून वाटीभर साखर आणती,
पगार झाला की वाटी भरून देती.
आपण गणित संपवलं, फळा पुसला,
आन् शेजारच्याकडं तीनच ऱ्हायले."

वर्ग हसला. मीही हसणार होते.
तेवढ्यात खिचडीची घंटा झाली
आणि मला वाचवून गेली.

रात्रभर ते शेजारचं घर डोळ्यांपुढे.
अठरा वर्षांत किती घरांतून किती गठ्ठे
आणवले मी मुलांकरवी,
एकही परत केला नाही.

बुधवारी त्यालाच पुढे बोलावलं.
म्हटलं, तूच कर, मी बोलणार नाही.
तो मांडी घालून बसला, चार गठ्ठे समोर,
बराच वेळ नुसता बघत.
मग एकाचा रबर ओढला.
टप्.
रबर तुटला, काड्या फरशीभर.
आजारी काडी गडगडत झुलेखाच्या पायाशी.
त्यानं सगळ्या गोळा केल्या, मोजल्या,
बारा.
त्यातल्या सात बाजूला, राहिल्या पाच,
मग एक गठ्ठा उचलून दूर ठेवला.
"पंचवीस," म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता,
"ह्यो शेजारचा न्हाई, बाई. आपलाच हाय.
नुसता सुट्टा केला.
बसमधी नोट सुट्टी करत्यात तसा."

मागून कुणीही "सोपे" म्हणालं नाही.

संध्याकाळी स्वारगेटच्या गाडीत
कंडक्टर खेकसला, "सुटे काढा, सुटे!"
मी पन्नासची नोट धरून
वेड्यासारखी हसत राहिले.
त्याला वाटलं, त्यालाच हसतेय.

तर साहेब, खर्च रुपये वीस.
शेरा : एक रबरबँड तुटला.
त्याला गाठ मारून लहूनं मनगटात घातलाय,
परत मागितलेला नाही.