बगल

कोरेगावात, दुकानाच्या मागच्या खोलीत
शहाबादी फरशीवर खडूनं आखलेलं अंतराळ.
पालथी परात म्हणजे ग्रह, त्याला नाव नव्हतं.
वाघा घेवड्याचे चाळीस दाणे माझं आरमार,
शेवंतामावशीचा पांढरा पावटा.

नियम माझे, वहीत शाईनं लिहिलेले:
भट्टी पेटती असेल तर जहाज दिसणार.
विझवली तर झाकून ठेवायचं,
आणि एका डावात वीतभरच वाहायचं, आपोआप,
ओढ्यात पान वाहतं तसं.

त्या रात्री तिची तीस जहाजं डाव्या अंगानं आली,
सगळ्या भट्ट्या पेटवून, गाजावाजा करत.
मी तोफा तिकडं वळवल्या.
परातीच्या कडेला तिचं सूप पालथं पडलेलं,
मला वाटलं, निवडण थांबवलंय.
सूप दर डावाला वीतभर सरकत होतं.

डावीकडची तीस मी टिपली, उचलून बघितली:
खडे.
पावट्यातून निवडलेले, चाळीसच्या बल्बखाली पावट्यासारखेच.
तोवर सूप उचललं गेलं होतं
आणि माझी उजवी बगल उघडी.

"खडे चालत नाहीत!"
"तसं लिवलंयस का वहीत?"

मग दाणे गोळा करता करता म्हणाली,
"पण खडे म्हणून सोडू नगंस.
जळायला निघालेल्या जहाजावर
भट्टी फुकत बसाय कुणीतरी लागतंच.
त्याचं नाव लिही."
मी लिहिलं: हुलकावणी दल, कप्तान,
आणि पुढं काही सुचलं नाही.

आई मिरजेला नर्स होती. रात्रपाळीहून आली
की पाय गरम पाण्यात सोडून बसायची.
एकदा सहज बोलली:
त्या वर्षी शेवंतानं सात स्थळं बघू दिली.
मामा, काका, मधला माणूस, सगळे बैठकीत,
दिवे तिच्यावर, पोह्यांच्या बशा तिच्या हातात,
मुद्दाम उलटसुलट उत्तरं देत तिनं
घर आठवडाभर डावीकडं बघत ठेवलं.
आठव्या पहाटे मी मागच्या दारानं स्टेशनात,
चपला हातात.

मग तिचं? मी विचारलं.
आईनं पाण्यातला पाय हलवला.

वहीतली ती ओळ अजून मोकळी आहे.
मावशी अजून पावटा निवडते.
खडा सापडला की टाकत नाही,
खिडकीच्या फळीवर ठेवते,
एकाशेजारी एक.