दोन मिनिटं उकळत्या पाण्यात

जानसुरातच्या फडताळात, मिठाच्या बरणीमागे,
काचेची एक नळी. तोंड वितळवून बंद केलेली.
आत चिमूटभर कोरडी माती.
हाझमुरीदला वाटायचं, सासूच्या थडग्यावरची असेल.
त्याने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही.

तेरेकच्या काठी तेव्हा कारखाना होता.
ट्रकच्या ट्रक रिकामे व्हायचे अंगणात:
दाणे झडलेली मक्याची बुरकुंडं, सूर्यफुलाची टरफलं,
गुरांनीही नाक मुरडावं असलं सगळं.
आम्लात शिजवून त्यातली लपलेली साखर सोडवायची
आणि तीनमजली टाकीत विरजण लावायचं
हवा लागली की मरणाऱ्या जिवांचं.

रात्रपाळीला ती टाक्या नाकाने ओळखायची.
अठराव्या तासाला खवट लोणी.
मग ते जीव आपलाच आंबटपणा गिळून टाकत,
आणि वास गोडसर, जड, डोक्यात चढणारा.
ब्यूटेनॉल. रंगवाल्यांकडे जायचं ते;
पण एका हिवाळ्यात, पेट्रोल मिळेना तेव्हा,
तेमिरकानने त्यावर जीप काढली
आणि पुलापर्यंत जाऊन भोंगा वाजवत परत आला.

लिटरमागे तेरा ग्रॅम झाले
की त्यांचं तेरावं.
स्वतःच गाळलेल्यात बुडून मरायचे सगळे.
चौदावा ग्रॅम काढून दाखवा, म्हणायचे मॉस्कोचे साहेब.
टाकीला कोण सांगणार?

मग एकदा माशी शिंकली.
चार नंबरचा फेस बसला, टाकी मुकी झाली;
जिवाणूंनाही रोग होतात, तो आला होता.
रात्रपाळीचा पगार कापला.
जानसुरातने तळातला गाळ चमचाभर उचलला,
त्यातून जे तगले ते मातीत वाळवले.
कुणाला विचारून? कुणालाच नाही.

पुढे जमिनीखालचं तेल स्वस्त झालं.
कारखान्यात आता सरबताच्या बाटल्या भरतात.

या शरदात लाशीन आली, संस्थेतली, वहीसकट.
येताना दोन्ही बाजूंना धाटं जळत होती,
खोकत खोकतच बसली.
म्हणाली, आजी, ते जुनं विरजण कुठेच उरलेलं नाही.
जानसुरातने मिठाची बरणी बाजूला सारली.

"दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धर."
"मरतील ना?"
"जागे असतील ते मरतील.
झोपलेले उठतील."

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी लाशीन घड्याळाकडे बघायची
आणि म्हातारी बटाटे सोलायची.
एकतीस वर्षं म्हणजे फार झाली, असं दोघींपैकी
कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या पहाटे हाझमुरीद नाक धरून आला:
घरात लोणी कुठे खवट झालंय?

जानसुरातने सोलाणं खाली ठेवलं.
रबरी बुचाखाली, काचेला चिकटून,
मोहरीएवढा एक बुडबुडा.
त्याच्याशेजारी, बघता बघता,
दुसरा.