सांबाराचा वास

रात्रभर जागवून आणलीय पोरीला,
काटोल रोडवरून, आईबापाच्या मध्ये बसवून,
डुलकी लागली तर गाडीवरून पडू नये म्हणून.
रुणाली सहारे, वय अकरा.

"हिले झटके नाही येत, मॅडम," आई सांगते,
"हे फक्त थांबते.
पोळीचा घास हातात, अन् थांबते."
कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नसतं.

मी टेप काढते.
नाकाच्या खाचेपासून मागच्या उंचवट्यापर्यंत
चौतीस सेंटिमीटर.
सतरावर लाल पेन्सिलीची खूण.
"हा तुझा झिरो माइल, इथून सगळं मोजायचं."
ती हसत नाही. झोप आलीय तिला.

केस बाजूला करत, घासत, पेस्ट लावत
एकवीस वायरी.
धंतोलीतला मे, आणि कूलर बंद,
नाहीतर त्याचीच मोटर उमटते पडद्यावर.

आमच्या अजनीच्या क्वार्टरात
भिंतीपलीकडे भांडं पडलं की आम्ही भावंडं पैज लावायचो,
मोरीत की चुलीपाशी?
आवाज एक, जागा छप्पन.
कान लावून लावून कान दुखायचा.
कवटी त्याहून जाड.

झोपली.
अकरा वाजून सात मिनिटांनी
डाव्या कानाच्या वर
दोन रेषा एकमेकींकडे टोक करून उठल्या,
एकाच दाराकडे बोट दाखवणाऱ्या शेजारणी.
पुन्हा.
मग बराच वेळ काही नाही.
पुन्हा.

उद्या डॉक्टर हे सगळं गणितात घालतील.
एमआरआयच्या चित्रावर एक ठिपका येईल
आणि ठिपक्याभोवती बोराएवढं धुकं.
धुकं दाखवतात ते डॉक्टर मला आवडतात.

उठल्यावर विचारलं,
थांबायच्या आधी काही होतं का गं?
ती आईकडे बघून घेते.
"सांबाराचा वास येते. चिरलेल्या.
घरात सांबार नसला तरी."
"मले कधी सांगतलं नाही वं!"
"तू इचारलंच नाही."

फॉर्मच्या कोपऱ्यात लिहिते: सांबार.
डॉक्टर पुण्याचे, त्यांना इडली आठवेल.
खोडून कोथिंबीर लिहिते.
मग तेही खोडते.
पोरीचा शब्द पोरीचाच राहू दे, समजावून सांगेन.

"सापडलं का, मॅडम?"
मला सांगायची परवानगी नाही. रिपोर्ट सोमवारी.
कोमट पाण्याने पेस्ट काढते, चिकट, निघता निघत नाही.
आई घाईघाईने दोन वेण्या घालते.
भांगात लाल खूण तशीच.