पाठ

दोन पत्रं आलीत. दोन्हींत अभिनंदन,
दोन्हींत मिर्लांद देरोझिए हे नाव एकही अक्षर न चुकता.
एवढ्यावरच आईनं मेणबत्ती लावली.
पंधरा तारखेच्या आत कुठेतरी एकीकडे पैसे भरायचे,
परत न मिळणारे.

केलर्सबर्ग, मिसूरी.
मक्याच्या शेतांतून चार तास, मग एक पाण्याची टाकी,
टाकीवर गावाचं नाव, टाकीखाली कॉलेज.
माहितीपुस्तकात एक काळी मुलगी आहे:
पान तीनवर हसते, पान नऊवर सूक्ष्मदर्शकात बघते,
पान चौदावर बर्फात, मफलर बांधून, पुन्हा तीच.
गेल्यावर मी तिची चौकशी केली.
ती कधीच पास होऊन गेली, म्हणाले.
आणि वेण्या घालून देणारी कुणी?
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
असेल की, नव्वद मैलांवर.
मी हिशेब मांडला: सहा आठवड्यांनी एकदा,
जाऊन-येऊन एकशे ऐंशी, चार वर्षं.
डोक्याचा खर्च वेगळा धरावा लागेल.

मिलवॉकी.
इथे सगळे आहेत, असं पत्रातच छापलंय,
टक्क्यांत, एका रंगीत वर्तुळात.
वर्तुळ पर्समध्ये घालून मी बसमध्ये बसले
आणि मोजत गेले.
एका चौकात अख्खी बस उतरली,
दुसरीच माणसं चढली, दुसऱ्याच रंगाची,
जणू शहराला मधोमध शिवण आहे
आणि ती उसवू नये याची सगळ्यांनाच काळजी.
कॉलेजच्या थांब्यावर माझ्यासारखे दोघंच उतरले:
एक पहारेकरी, एक स्वयंपाकघरातली बाई.
तिनं विचारलं, कामाला?
म्हटलं, मुलाखतीला.
तिनं काही न बोलता माझी कॉलर सरळ केली.
हे कुठल्या पारड्यात टाकू?

ऑस्टिओपॅथीत आधी हात शिकतात.
आणि हात एकमेकांच्या पाठीवर शिकतात,
शर्ट काढून, पालथं पडून, वर्गासमोर.
मणक्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटं ओढायची
आणि बघायचं, कातडी कुठे जास्त वेळ लाल राहते.
तिथे दुखणं आहे.

मिलवॉकीत मी हौसेनं पालथी पडले.
बोटं फिरली. सगळे वाकले.
लाल काही दिसेना.
शिक्षक म्हणाले, हं, पुढचा विद्यार्थी.
फक्त पा न्हिया नावाची एक मुलगी मागे रेंगाळली,
डोळे मिटून हात टेकवत म्हणाली,
डावीकडे ऊन लागतंय. खाली.
खरंच दुखत होतं तिथे, बसमुळे.

केलर्सबर्गचे डॉक्टर टिबेट्स सत्तरीचे.
त्यांनीही बोटं ओढली, थांबले,
मग सगळ्यांदेखत म्हणाले,
चाळीस वर्षं मी गुलाबी पाठी वाचल्या.
ही मला वाचता येत नाही.
तू आलीस तर शिकेन.

किती सभ्य माणूस.
परतीच्या चार तासांत मला रडू का आलं, कळेना.
मी पाठ शिकायला गेले होते,
माझी पाठच पाठ झाली.
चार वर्षं रोज धडा होऊन पडायचं,
की धडाच नसल्यासारखं वगळलं जायचं
आणि एका पा न्हियाची वाट बघायची?
ती तरी तिथेच प्रवेश घेईल कशावरून?

आज बारा तारीख.
आई रात्रपाळीहून आली.
वृद्धाश्रमात ती रात्रभर कुशी बदलून देते:
आयरिश पाठी, पोर्तुगीज पाठी, केप व्हर्देच्या पाठी.
टक्केवारी तिला विचारा.
म्हटलं, झोप पालथी, मला सराव हवाय.
बूट न काढताच आडवी झाली.
मी दोन बोटं ओढली मानेपासून कंबरेपर्यंत.
सवयीनं आधी लाली शोधली.
मग डोळे मिटले.

उजवा खांदा. कंबर, दोन्हीकडे.
आणि मधे एक जागा, जिला नाव माहीत नाही मला,
तव्यासारखी.
ती घोरायला लागली होती.
मी हात तसाच ठेवला.