आडवी जाणारी बोट

असगोलीच्या पुळणीवर जाळं सांधता सांधता
आप्पांनी विचारलं, "आज पोरांना काय शिकवलंस गो?"
म्हटलं, उजेडाची लाट.
"उजेडाला लाट असते?"
असते. पाण्याशिवाय.

चाळीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस,
त्याला लाटेचं कोण सांगणार.
"बाहेर जाताना लाटा भराभर नाळेवर आदळतात,
मोजता मोजता तोंड दुखतं.
घरी येताना त्याच लाटा मागनं येतात, सावकाश,
उधार मागायला आल्यासारख्या.
लाटा तेवढ्याच गो. आपलंच येणं-जाणं."

गुहागरच्या कॉलेजात एवढंच सांगायला मला
दोन तास आणि फळाभर बाण लागले होते.

म्हटलं, उजेडाचंही तसंच. जवळ येणाऱ्या दिव्याच्या लाटा दाटतात,
रंग निळ्याकडे सरकतो. लांब जाणाऱ्याच्या ताणतात,
तांबड्याकडे.
आप्पा हसले. "खोटं. बोटीच्या डाव्या कुशीला तांबडा,
उजवीला हिरवा. येवो नायतर जावो."

आणि लाटांना आडवी धरली बोट?
"मग मोजणीत फरक नाही. फक्त पोटात ढवळतं."
उजेडात पडतो फरक.
समोरून आडवा जाणारा दिवा, त्या घडीला
ना जवळ येतोय ना लांब जातोय,
तरी किंचित तांबडा.
तिथं लाट ताणायला कुणीच नसतं, आप्पा.
त्याचं घड्याळच सावकाश चालतं.

सुई जाळ्यात थांबली.
"बिघडलेलं?"
नाही. त्याच्या शेजारी बसून पाहिलं
तर अगदी बरोबर.

मग शिंपल्याच्या टोकानं वाळूत हिशोब मांडला.
समजा अशी बोट, उजेड शंभर कोस जाईल तेवढ्यात साठ जाणारी.
नाखवा रोज रात्री एकदा बत्ती दाखवतो,
आठ रात्री जाताना, आठ रात्री येताना.
जातानाच्या आपल्याला पोचतात एकाआड एक,
आठ बत्त्यांना सोळा रात्री.
येतानाच्या एका रात्रीत दोन दोन,
आठ बत्त्यांना चार.
त्याच्या झाल्या सोळा. आपल्या वीस.

आप्पांनी पेरं धरून पुन्हा मोजलं.
"चार रात्री पडल्या कुठं? पाण्यात?"
पडल्या नाहीत. त्याच्या वाटेवर
त्या नव्हत्याच.

आई बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली,
"मला ठाऊक आहेत कुठं गेल्या. मी काढल्यात त्या.
वादळाच्या साली हे म्हणाले, सहा दिवस अडकलो.
माझ्या कॅलेंडरावर नऊ खुणा होत्या."
"तू एकेक दोनदा मारली असशील."
"असेल," आई म्हणाली.

मी सांगणार होते, ते हे नव्हे.
आपल्या बोटीच्या वेगाला फरक नगण्य,
चाळीस वर्षांचा सगळा दर्या एकत्र केला
तरी फार तर सेकंदाचा एक कोटीवा भाग.
सांगितलं नाही.
एवढ्याशा भागासाठी कोण भांडतं,
आणि आप्पा एवढ्याने तरुण आहेत
हे आईला कळून काय उपयोग.

अंधारलं. उत्तरेला टोळकेश्वरची बत्ती लागली.
जयगडच्या बाजूला एक ट्रॉलर आडवा चालला होता,
किनाऱ्याकडे डावी कूस,
एकच तांबडा ठिपका.
"बघ," आप्पा म्हणाले, "तुझा तांबडा."
तो काचेचा आहे, आप्पा.
"काचेचा. बरं."
पण नजर काढली नाही त्यांनी.

"कुणाची बोट?" आईनं विचारलं.
"बुधलच्या मोरेश्वर नाटेकराची वाटते. खाली चाललाय."
"म्हणजे आजची रात्र द्वारकीच्या खात्यात,"
आई म्हणाली, आणि सुरी धुवायला उठली.