बाकांचा हिशोब

मी, निर्मला खांबेटे, खजिनदार,
वय त्र्याहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
हा हिशोब डाव्या डोळ्याने लिहिते आहे.

दांडिया बाजारातली आमची मराठी शाळा
यंदा जूनमध्ये उघडलीच नाही.
पहिलीत दोन नावं आली होती,
त्यातलं एक इंग्रजीत गेलं.
उरलेल्या एकाला शाळा कशी म्हणायची?
मागे राहिले बाक. सागवानी, बासष्ट.

लेमायान आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो,
फतेगंजला माती तपासायचं शिकतो.
उंच इतका की जिन्यात वाकावं लागतं,
आणि तो वाकला की नमस्कार केल्यासारखं वाटून
मी दर वेळी ‘सुखी राहा’ म्हणते.
त्यानेच फोनवर गावची मसाई पोरांची शाळा दाखवली:
दोन खोल्या पत्र्याच्या,
तिसरी-चौथी बाभळीखाली.
जमीन मातीची, वही मांडीवर.
पाऊस आला की पत्रा असा वाजतो
की मास्तर बोलणं सोडून
फळ्यावर नुसती चित्रं काढतात.

बाक तिकडे न्यायचे तर जहाजभाडं बाकांहून जास्त.
(दिघे चौकशीला गेले होते. रिक्षा ऐंशी रुपये, पावती नाही.)
तेव्हा विकून पैसे पाठवायचे ठरलं.
एकमताने नाही.
जोगळेकर म्हणाले, ती काय आपली पोरं आहेत?
मी म्हटलं, आपली कुठे आहेत ते सांगा.
ते चहा न घेता उठले.
दुसऱ्या दिवशी नातीच्या हाती पाचशे एक,
सोबत चिठ्ठी: नाव लिहू नये.
वहीत खोटं चालत नाही, म्हणून लिहिलं.

दिघ्यांना भिंतीवर वडिलांच्या नावाची पाटी हवी होती.
लेमायान म्हणाला, लावू की,
पण आमच्या गाई भिंतीला पाठ घासतात,
अक्षरं वर्षभर टिकतील.
दिघे गप्प बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले,
चालेल. बाबांना गाई आवडायच्या.

कनुभाई भंगारवाले टेप घेऊन आले,
एकेका बाकावर हात फिरवत भाव पाडत गेले.
"बेन, आमां तो नाम कोतरेलां छे."
होतीच. कर्कटकाने कोरलेली,
वि. ना., सु. मो., एक अर्धवट बाण,
आणि खिडकीजवळ पूर्ण नाव: अच्युत रणदिवे.
शाळेच्या मालाची नासधूस म्हणून
त्याला मी चार आणे दंड केला होता.
तो खणातच पडून राहिला, वहीत चढला नाही.
आज चढवते. जमा: पंचवीस पैसे.

मग लेमायान पुढे झाला.
त्यांच्याकडे आकडे हातानेच बोलतात, म्हणे.
कनुभाईंचे आजोबा रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे.
दोघांची बोटं काही जुळत नव्हती,
शेवटी दोघेही हसायला लागले,
आणि बाकामागे चाळीस रुपये वाढले.

परवा फोटो आला. कोबा घातलाय, अजून ओला.
मधोमध शेळीचे खुर, तिरपे गेलेले,
आणि दाराशी एक लहान पाऊल, पाची बोटं उमटलेली.
गवंडी विचारतो, पुन्हा घोटून घेऊ का?
समितीचं मत: घ्यावं.
मी परस्पर कळवलं: नको.
पाऊल कुणाचं ते विचारून नाव पाठवा,
वहीत लिहायचं आहे.
शेळी ‘इतर’मध्ये धरते.

शिल्लक: अकरा रुपये पंचवीस पैसे,
आणि नावासाठी सोडलेली एक ओळ.